लेझर प्रिंटर काळा करायचा नसेल तर या चुका टाळा

१९८२ मध्ये कॅननने पीसी-१० हा छोटा कॉपियर आणला. ड्रम (ज्यावर पानाची प्रतिमा उमटते तो फिरता नळा), टोनर (शाईच्या जागी वापरायची पूड), ब्लेड सगळं एकाच कार्ट्रिजमध्ये. ते संपलं की काढा, नवीन लावा, आत हात घालायचं कामच नाही. आपल्या लेझर प्रिंटरच्या कार्ट्रिजची रचनाही तीच. आणि आपण मात्र आधी स्क्रूड्रायव्हर शोधतो.

टोनर जरूर भरा, मीही भरतो. पण वेस्ट टोनर न काढता? ड्रमवरचा सगळा टोनर कागदावर उतरत नाही. उरलेला वाइपर ब्लेड खरवडून मागच्या कप्प्यात टाकतं, आणि तो कप्पा काही अथांग नसतो.

एका क्लासच्या ऑफिसात परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गेलो. पानभर काळा भुगा. कार्ट्रिज चारदा भरलेलं, कप्पा एकदाही रिकामा केलेला नाही. तोवर तिथल्या पोराने घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावला होता. टोनरचा कण जेमतेम ५ ते १० मायक्रॉनचा. पुढून ओढला तो मागून खोलीभर उडाला. मग मॅडमनी गरम पाण्यात फडकं पिळलं. अहो, टोनर म्हणजे रंगीत प्लास्टिकची पूड, गरम झाली की चिकटणं हेच तिचं काम! फरशीच्या फटी अजून करड्या आहेत.

सांडलाच तर मी तोंडाला मास्क लावून कोरड्या कागदाने टिपतो, मग गार पाणी. भरताना आधी कप्पा रिकामा, मग टोनर. तो वेस्ट गाळून परत भरणारे महाभागही भेटतात. त्यात कागदाचा भुगा असतो, पान करडं येतं आणि शिव्या मशीनला.

ड्रम उघड्यावर ठेवू नका, त्याला उजेड सोसत नाही. मी वर्तमानपत्रात गुंडाळतो.

पावसाळ्यात रीम उघडी टाकून ‘कागद अडकतो’ म्हणू नका.

एकच डाग पानावर पुन्हा पुन्हा येतोय? पार्ट मागवण्याआधी पट्टीने दोन डागांमधलं अंतर मोजा. २४ मिलिमीटर व्यासाचा ड्रम असेल तर दर ७५ मिलिमीटरला, म्हणजे ड्रमच्या एका फेऱ्याला, दिसणारा डाग ड्रमचाच. हे दोन मिनिटांचं काम न करता फ्यूजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) बदलून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि फ्यूजरमध्ये अडकलेला कागद स्क्रूड्रायव्हरने उकरू नका. मशीन बंद करा, अर्धा तास निवू द्या, दोन्ही हातांनी सरळ ओढा. घाईत फ्यूजरवरचं टेफलॉनचं आवरण फाटलं, तर त्या दिवशीचं प्रिंटिंग संपलं.