बाबांच्या आठवणींची वही कशी करायची

वडील गेल्यावर तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं आणि येणारा प्रत्येकजण जाताना बाबांची एखादी गोष्ट सांगून जातो. तेव्हा आपण ऐकायच्या मनःस्थितीत नसतो, ते साहजिकच आहे. म्हणून घरातल्या एखाद्या चुलतभावाला किंवा मामेबहिणीला सांगून ठेवा की कोण आलं आणि कुठला विषय निघाला एवढंच लिहून ठेव, "कारखान्यातले मित्र, सायकलचा किस्सा" एवढं पुरे. दोन-तीन महिन्यांनी त्यांना फोन केला की ते सगळं नीट सांगतात, उलट त्यांनाही बोलायचंच असतं.

एक काम मात्र लांबणीवर टाकू नका, बाबांचा मोबाईल. सिमचा रिचार्ज चालू ठेवा, विमा, पेन्शन, वीजबिल सगळ्याचे मेसेज त्याच नंबरवर येतात आणि कुठे काय होतं ते त्यातूनच कळतं. व्हॉट्सॲपचं खातं 120 दिवस वापरलं नाही तर साधारणपणे डिलीट होतं, गूगलचं दोन वर्षांनी जाऊ शकतं, त्यामुळे फोटो आणि व्हॉइस नोट आधीच काढून दोन ठिकाणी ठेवा. तुमच्या स्वतःच्या फोनमधली बाबांची चॅटसुद्धा मीडियासकट एक्सपोर्ट करा. आमच्या बाबांचे फोटो भरपूर आहेत पण आवाज फक्त "पोचलीस का गं" एवढ्या तीन शब्दांच्या व्हॉइस नोटांमधे आहे, आणि मला त्या सगळ्यात मोलाच्या वाटतात.

मग आई. माझ्या मते वहीचा गाभा इथेच आहे, कारण आपल्याला फक्त बाबा माहीत असतात, नवरा म्हणून तो माणूस कसा होता ते एकट्या आईला माहीत असतं. तिला "बाबा कसे होते" असं विचारू नका, ती "चांगले होते" म्हणेल आणि डोळ्याला पदर लावेल. छोटं विचारा. तुला बघायला आले तेव्हा सोबत कोण होतं, पहिली भाड्याची खोली कुठे होती, पगाराच्या दिवशी घरी काय यायचं, भांडण झालं की आधी कोण बोलायचं. समोरासमोर बसवून मुलाखत घेतल्यासारखं केलं तर ती अवघडते, मेथी निवडताना किंवा दुपारच्या चहाला विषय काढा, रेकॉर्ड करतेय हे तिला सांगा आणि फोन बाजूला पालथा ठेवून द्या. दमली की थांबा. ती रागाचं, कुरबुरीचं काही बोलली तर तेही राहू दे, नुसती स्तुती लिहिली तर तो आपला माणूस वाटतच नाही.

साल विचारलं की म्हातारी माणसं गोंधळतात, "झाली असतील चाळीसेक वर्षं" म्हणतात. त्याऐवजी सगळ्यांना आठवणारी घटना धरा. पानशेत धरण फुटलं (12 जुलै 1961) तेव्हा बाबा कुठे होते, कोयनेचा भूकंप (डिसेंबर 1967) झाला तेव्हा कितवीत होते, 72 च्या दुष्काळात घरातलं कोण खडी फोडायला गेलं, सुकडी (तेव्हा वाटलं जायचं ते पौष्टिक खाणं) आणि मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी खाल्ली का, गिरणी संप (जानेवारी 1982) सुरू झाला तेव्हा मुंबईत होते की गावी, 83 चा वर्ल्डकप कुणाच्या घरी बघितला. ह्या प्रश्नांनी कमाल होते, आत्या एकदम ओसरीपासून सगळं घर उभं करते आणि कोण कुठे झोपायचं इथपर्यंत सांगते. वयाने मोठी माणसं आधी गाठा, आत्या, काका, गावचे वर्गमित्र, ऑफिसमधले जुने सहकारी. मुलंबाळं, नातवंडं नंतरही सांगू शकतात.

फोटोंबद्दल थोडक्यात. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकट स्कॅन करा किंवा उजेडात मोबाईलवर काढा. छोटे फोटो 600 डीपीआयला स्कॅन केले की मोठे करता येतात. मागे बॉलपेनने लिहू नका, शाई उमटते, मऊ पेन्सिलीने हलकेच नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. कुणी ओळखू येत नसेल तर फोटो फॅमिली ग्रुपवर टाका, तासाभरात कुणीतरी सांगतंच.

लिहिताना ज्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत ठेवा, आजोळची बोली असेल तर तशीच, प्रमाण मराठी करायला जाऊ नका. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहा आणि कोण म्हणालं ते लिहा. बाबांच्या हस्ताक्षरातलं काहीही, हिशेबाची डायरी, वाणसामानाची यादी, आईला पाठवलेलं आंतरदेशीय पत्र, फोटो काढून मधेमधे घाला. पत्र मात्र आईला विचारूनच.

वर्षश्राद्धाला सगळे जमतात तेव्हा वाटायची असेल तर महिनाभर आधी मजकूर थांबवा. श्राद्ध तिथीने असतं, तारीख दरवर्षी हलते, ती कॅलेंडरमधे बघून घ्या. छापखाना लागत नाही, झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बाइंडिंग होतं. अक्षर 16 पॉइंटचं तरी ठेवा कारण पहिले वाचणारे सत्तरीचे असणार आहेत, आणि शेवटी पाच-सहा पानं कोरी सोडा, वाचून झाल्यावर काका हमखास म्हणतात "अरे, ते विहिरीचं राहिलंच की".