गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी: ट्रकमधील आवाजाच्या निदानाची पूर्वतयारी

गिअरबॉक्समधून अनोळखी आवाज येऊ लागला की तो उतरवून पाहण्याची घाई होते. परंतु उतरवलेला गिअरबॉक्स बोलत नाही. आवाज कोणत्या परिस्थितीत येतो आणि कोणत्या परिस्थितीत थांबतो हा सर्वांत मोलाचा पुरावा गाडी चालू असतानाच गोळा करावा लागतो. पुढील तयारी मॅन्युअल गिअरबॉक्स असलेल्या ट्रकसाठी आहे.

पहिली गरज वहीची. गाडी रोज चालवणाऱ्याला शांतपणे बसवून विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे: आवाज घरघरीचा आहे, खडखडीचा आहे की बारीक सूर धरल्यासारखा आहे; गाडी थंड असताना येतो की तापल्यावर; भरलेल्या गाडीत वाढतो का; ॲक्सिलरेटर दाबताना येतो की सोडताना. अलीकडे क्लच प्लेट किंवा गिअर ऑईल बदलले असल्यास त्याची नोंद ठळकपणे करावी, कारण दुरुस्तीनंतर लगेच सुरू झालेल्या आवाजाचे मूळ बऱ्याचदा त्या दुरुस्तीतच सापडते.

जागा सपाट असावी. पार्किंग ब्रेक लावून चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यावेत, आणि नुसत्या जॅकच्या आधारावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. इंजिन चालू असताना प्रोपेलर शाफ्टजवळ (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा लांब दांडा) हात किंवा सैल कपडे नेऊ नयेत. गाडीची पुस्तिका, टॉर्च, स्वच्छ ट्रे, पांढरे कापड, लोहचुंबक, मेकॅनिकचा स्टेथोस्कोप (यंत्राच्या आतला आवाज ऐकण्याची नळी) आणि केबिनमध्ये बसणारा एक विश्वासू सहकारी एवढे हाताशी असावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण अवश्य करावे, मात्र मुद्रण चालू असताना गिअर आणि आर.पी.एम. (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) मोठ्याने बोलून ठेवावेत. त्याशिवाय ती फीत नंतर निरुपयोगी ठरते.

रस्त्यावर जाण्याआधी ऑईलची पातळी पाहिलीच पाहिजे. गाडी काही वेळ उभी ठेवून बाजूचा लेव्हल प्लग काढावा. बहुतेक गिअरबॉक्समध्ये ऑईल त्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावे लागते. कमी असल्यास पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच ऑईल भरावे, किती भरले ते लिहावे आणि गळती कुठून आहे ते शोधावे. या वेळी ब्रीदर (गिअरबॉक्सचे हवा जाण्याचे छिद्र) बुजला आहे का हेही पाहावे, कारण आतला दाब बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तो सीलमधून ऑईल ढकलतो.

खरे निदान उभ्या गाडीतच बरेचसे उलगडते, म्हणून इथे वेळ द्यावा. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून पाय क्लचवरून पूर्ण काढावा. या स्थितीत इनपुट शाफ्ट (क्लचकडून शक्ती आत आणणारा दांडा) आणि काउंटर शाफ्ट (त्याच्यामुळे फिरणारा, गिअरना शक्ती देणारा समांतर दांडा) फिरत असतात. क्लच पूर्ण दाबला की ते थांबतात. क्लच दाबताच घरघर नाहीशी झाली तर संशय या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) येणारी सैल खडखड क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर बेअरिंगला दोष देण्याआधी आयडलिंगचे आर.पी.एम. कमी झाले आहेत का आणि क्लच प्लेटमधील डॅम्पर स्प्रिंग (झटके शोषणाऱ्या स्प्रिंग) ढिल्या पडल्या आहेत का, हे तपासावे. याउलट, पेडल थोडेसे दाबताच किरकिर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) पाहावे. पेडल पूर्ण दाबून इनपुट शाफ्ट थांबल्यावरच आवाज येत असेल तर पायलट बेअरिंगकडे (इनपुट शाफ्टचे पुढचे टोक इंजिनच्या बाजूला धरणारे बेअरिंग) पाहावे. हे प्रत्येक निरीक्षण सहकाऱ्याकडून दोन-तीनदा करवून घ्यावे आणि त्या वेळी स्टेथोस्कोपचे टोक गिअरबॉक्सच्या पुढच्या व मागच्या बेअरिंगच्या जागी आळीपाळीने टेकवून फरक ऐकावा.

रस्त्यावरील चाचणीसाठी प्रश्न आधीच ठरवून निघावे. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरची जोडी किंवा त्याचे बेअरिंग संशयास्पद ठरते. इतर गिअरमध्ये येणारा आवाज १:१ च्या थेट गिअरमध्ये (इनपुट आणि आउटपुट शाफ्ट एकाच वेगाने फिरतात तो गिअर) जवळपास थांबत असेल, तर काउंटर शाफ्टकडे बोट जाते, कारण थेट गिअरमध्ये तो फिरतो पण भार वाहत नाही. हा गिअर कोणता ते पुस्तिकेत पाहावे, ओव्हरड्राइव्ह (थेट गिअरच्याही वरचा गिअर) असलेल्या गाडीत तो सर्वांत वरचा नसतो. त्यानंतर गाडीचा वेग तोच ठेवून गिअर बदलावा. आर.पी.एम. बदलूनही आवाजाचा सूर तसाच राहिला तर दोष बहुधा मागे आहे: आउटपुट शाफ्टचे बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारा गिअरसंच) किंवा चाकाचे बेअरिंग. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना ‘खण्ण’ असा एकच ठोका आला तर युनिव्हर्सल जॉइंट (प्रोपेलर शाफ्टचा वळणारा सांधा) हलवून पाहावा. या चाचणीसाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

ड्रेन प्लग शेवटी काढावा. चुंबकावर बारीक राखाडी लेप असणे नेहमीचे आहे. कापडावर पिवळे कण दिसले तर सिंक्रोनायझर रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंग) बहुधा झिजत आहेत. दुधाळ ऑईल म्हणजे पाणी शिरले आहे. बोटांना टोचणारे टवके किंवा दाताचा तुकडा सापडला तर गाडी चालवणे तिथेच थांबवावे. ती ओढून न्यायची असल्यास प्रोपेलर शाफ्ट आधी सोडवावा, कारण इंजिन बंद असताना चाकांमुळे मेन शाफ्ट (आउटपुट शाफ्ट) फिरत राहतो, पण काउंटर शाफ्ट फिरत नसल्याने ऑईल वर उडत नाही आणि चांगली बेअरिंगही कोरडी पडून खराब होतात.