न्यूज चॅनेलच्या ऑडिओत यायचंय? आधी कूलर लावून बातम्या ऐका

मी दारव्ह्याकडचा, यवतमाळ जिल्हा. आधी पॅकेज (म्हणजे दृश्य, आवाज जोडून तयार केलेली छोटी बातमी) एडिट करायचो, आता पीसीआरमध्ये, म्हणजे जिथून बुलेटिन चालवतात त्या कंट्रोल रूममध्ये, ऑडिओवर बसतो. गावची पोरं विचारतात भाऊ यात कसं यायचं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कोर्सचं थोडक्यात. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटला साउंडचे कोर्स आहेत, टीव्ही विंगचा 1 वर्षाचा, फिल्मचा 3 वर्षांचा, एन्ट्रन्स द्यावी लागते. मला नाही जमलं, मी नागपूरला मास कॉम करून इंटर्न म्हणून शिरलो. पण कान तयार झाले ते गावातच, गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनाला माइक लावायचं काम माझ्याकडे असायचं.

पहिल्याच महिन्यात कापसाच्या भावावर दीड मिनिटाचं पॅकेज आलं. मी ढोल आणि स्ट्रिंग्जवालं टेन्शन म्युझिक टाकलं, हेडफोनवर काय भारी वाटत होतं! रात्री घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "बापू, ते ढमढम तेवढं आयकू आलं, भाव काय सांगतला ते समजलंच नाई." म्हटलं आवाज वाढवायचा ना. "वाढवला, तं जाहिरात लागली अन् तुही माय दचकून उठली."

मे महिना होता, घरात कूलर चालू. आपल्याकडचा पत्र्याचा कूलर आठवा, पंख्याची घरघर आणि पाण्याचा सूसू आवाज दिवसभर. स, श, त, फ असली बारीक अक्षरं त्यात आधीच बुडतात, वय झालेल्या माणसाला तर वरच्या फ्रिक्वेन्सी तशाही कमी ऐकू येतात, आणि टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, त्यावर तुमच्या स्ट्रिंग्ज बसल्या की शब्दाचं उरतं काय? स्टुडिओच्या भारी स्पीकरवर हे कळतच नाही, तिथे सगळंच गोड लागतं.

तेव्हापासून मी आधी नुसता व्हीओ, म्हणजे बातमी वाचणारा आवाज, लावतो, मीटरवर त्याचा पीक, म्हणजे सर्वात उंच टोक, उणे 12 डेसिबलच्या (डीबी) आसपास, मग म्युझिक त्याच्याखाली 18-20 डीबी. आणि म्युझिक खाली न्यायचं ते बोलणं सुरू व्हायच्या थोडं आधी, नाहीतर पहिला शब्द गेलाच समजा. भजनातला खंजिरीवाला बघा, ओळ सुरू होताना त्याचा हात आपोआप हलका पडतो आणि ओळ संपली की पुन्हा दणका, त्याला कोणी कीफ्रेम (एडिटिंगमध्ये आवाज कमी-जास्त करायच्या खुणा) शिकवली नव्हती. शेतकऱ्याची बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, असेल, त्यात वारा, वर वऱ्हाडी बोली, तिथे म्युझिक पूर्ण बंद. आकडा येतो तिथेही बंद.

आता जाहिरातीचं. पीक मीटर फक्त सर्वात उंच टोक दाखवतो. प्रोमो किंवा जाहिरात कॉम्प्रेसरमधून (आवाजातला चढउतार कमी करणारं साधन) दाबून आणली की टोक तेवढंच राहतं पण कानाला दुप्पट जोरात लागते, म्हणून एलयूएफएसमध्ये, म्हणजे कानाला आवाज किती मोठा लागतो ते मोजणाऱ्या एककात, मोजायला शिका. युरोपात 2010 पासून ईबीयू या तिथल्या प्रसारकांच्या संघटनेचं आर 128 हे आवाजाच्या पातळीचं मानक आहे, टार्गेट उणे 23 एलयूएफएस. आपल्याकडे 1994 च्या केबल टीव्ही नियमांतही जाहिरात फार मोठ्या आवाजात नको असं लिहिलंय, लिहिलंय एवढंच.

प्रोड्युसर म्हणणार, एनर्जी नाही, म्युझिक वाढव. मी निम्म्या वेळा हरतो. मग एक करतो, त्यांनाच साध्या छोट्या स्पीकरवर ऐकवतो आणि विचारतो, भाव किती सांगितला? काही जण गप्प बसतात, काही म्हणतात ग्राफिक्स आहे ना स्क्रीनवर. (माझी आजी वाचू शकत नाही, हे त्यांना कोण सांगणार.)

लाइव्हला बसलात तर सगळ्यात आधी मिक्स मायनस समजून घ्या, म्हणजे फोनवरच्या रिपोर्टरला त्याचा स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळं पाठवायचं. मी एकदा चुकलो, बिचारा उमरखेडवरून पुराचं सांगत होता आणि स्वतःचंच वाक्य उशिराने कानात येऊन अडखळत होता, अँकरला वाटलं लाइन खराब, तिने फोन कट केला. त्याचा मला नंतर फोन आला, काय बोलला ते इथे लिहीत नाही.