अर्थसंकल्पाच्या सभेआधी नव्या नगरसेवकाने काय हाताशी ठेवावं

डिसेंबर 2025 मध्ये निवडून आलेले बरेच जण नगरपरिषदेत पहिल्यांदाच आलेत. मधली वर्षं प्रशासकाची गेल्याने विचारायला ताजा अनुभव असलेलं माणूसही सापडत नाही. अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेर मंजूर व्हायचा असतो, आणि विशेष सभेची नोटीस व अंदाजपत्रकाचं पुस्तक हातात पडतं ते सभेच्या तीन-चार दिवस आधी. तेवढ्यात पुस्तक चाळून होतं, वाचून होत नाही. म्हणून जानेवारीतच कामाला लागा.

वही-पेन, विषयपत्रिका वगैरे सांगत बसत नाही. मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक मात्र मिळवाच. जुनं शेजारी उघडं असल्याशिवाय नवं कळत नाही.

सगळ्यात आधी लेखा विभागात जा आणि बँकनिहाय शिल्लकेचा तक्ता मागा. तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. तक्त्यात चार गोष्टी हव्यात: कोणत्या बँकेत, कोणत्या नावाचं खातं, त्यात किती रक्कम, आणि ती कोणत्या योजनेची. ‘एकूण शिल्लक पुस्तकात दिलेलीच आहे की’ असं उत्तर येईल. ते ऐकून परत फिरू नका.

मागच्या कौन्सिलात मी फिरलो होतो. पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक कोटींत दिसली, त्या भरवशावर प्रभागातल्या गटारीसाठी ‘नगरपरिषद फंडातून’, म्हणजे नगरपरिषदेच्या स्वतःच्या पैशांतून, तरतूद टाकून घेतली. ठराव झाला, निविदा निघाली, नारळ फुटला, गटारही झाली. बिल मात्र लेखा विभागात पडून, कारण फंडाच्या खात्यात जेमतेम पगारापुरते पैसे. ठेकेदार रोज सकाळी माझ्या दारात. त्याचं काय चुकलं होतं?

तर शिल्लक म्हणजे काय ते नीट बघा. समजा पुस्तकात आरंभीची शिल्लक 12 कोटी आहे. त्यात वित्त आयोगाचे पैसे असतात. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातल्या अनुदानात 60 टक्के बंधित होतं, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांपलीकडे हात लावायचा नाही. उरलेलं 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार करता येत नव्हते. मग नगरोत्थानचं, म्हणजे शहरातल्या मूलभूत सुविधांसाठीच्या राज्याच्या योजनेचं खातं, दलित वस्ती सुधारणेचं खातं, विशेष रस्ता अनुदानाचं खातं. ज्या कामासाठी आले त्याच कामाला, मुदतीत खर्च करायचे, नाहीतर परत. शिवाय ठेकेदारांच्या सुरक्षा ठेवी, ज्या त्यांना परत द्यायच्या आहेत. आणि घरपट्टीबरोबर गोळा केलेला शिक्षण कर व रोजगार हमी कर, जो शासनाचा आहे आणि कधीकधी भरायचा राहिलेला असतो. हे सगळं वजा केलं की 12 कोटींचे दीड कोटीही उरत नाहीत. शेजारणीने गावाला जाताना ठेवायला दिलेले दागिने धरून कोणी आपली श्रीमंती मोजत नाही. अंदाजपत्रकात ते सर्रास चालतं. म्हणून बँकनिहाय तक्ता. तो आल्याशिवाय प्रभागातल्या एकाही कामाची चिठ्ठी मुख्याधिकाऱ्यांकडे देऊ नका.

नंतर कर विभाग. मालमत्ता कराचं मागणी, वसुली आणि बाकीचं पत्रक घ्या, मागच्या तीन वर्षांचं. आता अंदाजपत्रकात जमा बाजूला मालमत्ता कराच्या ओळीवर बोट ठेवा आणि आडवं सरकत जा: मागच्या वर्षीची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा मंजूर अंदाज, आजवरची प्रत्यक्ष जमा, मार्चअखेरपर्यंत अपेक्षित, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. वसुली दरवर्षी 1 कोटी 80 लाखांच्या आसपास आणि पुढच्या वर्षाचा अंदाज 3 कोटी, असं दिसलं तर समजा की खर्चाची बाजू आधी लिहिली आणि मग जमा फुगवून बेरीज जुळवली. हे फार होतं. सगळ्यांच्या प्रभागातली कामं बसवायची असतात ना. ‘थकबाकी वसूल करू’ हे ठरलेलं उत्तर. त्या थकबाकीत न्यायालयात अडकलेली, दुबार आकारणीची आणि मालक सापडत नाही अशी किती, ते विचारा.

चतुर्थ वार्षिक आकारणी, म्हणजे सगळ्या मालमत्तांची नव्याने करआकारणी, शेवटची कधी झाली, हेही विचारून ठेवा. दर चार वर्षांनी व्हायला हवी ती निवडणुकीच्या भीतीने पुढे ढकलली जाते, आणि नवी बांधकामं जुन्याच करयोग्य मूल्यावर राहतात. करवाढीविरुद्ध भाषण ठोकणं सोपं आहे, टाळ्याही मिळतात. पण मालमत्ता कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढली पाहिजे, अशी अट 15 व्या वित्त आयोगाने अनुदानालाच जोडली होती. भाषण करा, फक्त हे माहीत असू द्या.

सहाय्यक अनुदान. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली, तिची भरपाई म्हणून शासन हे देतं. छोट्या गावात यावरच पगार चालतात. वर्षभराचं सहाय्यक अनुदान एका बाजूला आणि आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्ते, निवृत्तिवेतनासह, दुसऱ्या बाजूला असं लिहून बघा. खड्डा दिसला तर तो फंडातूनच भरला जाणार, म्हणजे तुमच्या गटारीचे पैसे तिकडे गेले. फंडात किती आहे ते कुठे दिसतं? बँकनिहाय तक्त्यात. मागितला ना?

मालमत्तेच्या खरेदी-विक्रीत मुद्रांक शुल्कासोबत घेतल्या जाणाऱ्या 1 टक्का अधिभाराची रक्कम शासनाकडून येते, पण ती कधी येईल यावर भिस्त ठेवू नका. पाणीपुरवठ्याचा हिशोब वेगळा मांडा: पाणीपट्टीची खरी वसुली किती, पंपांचं वीजबिल किती, जलशुद्धीकरणाचं तुरटी-क्लोरीन किती. तूट निघणारच, किती ते पाहा. गाळेभाडं, बाजार फी: करार संपलेले गाळे किती, एवढंच विचारा.

योजनेतून काम आणायचं असेल तर नगरपरिषदेचा हिस्सा कुठून भरणार, ते आधी पाहा. आमदारसाहेबांनी मंजुरी आणली, फ्लेक्स लागले आणि हिश्श्याची तरतूदच नाही, असं घडतं. हिस्सा फंडातून जातो आणि फंडाचा खरा आकडा पुस्तकात नसतो. तिसऱ्यांदा सांगतोय, चौथ्यांदाही सांगेन.

राखीव तरतुदी तपासा: दुर्बल घटक, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग, प्रत्येकी 5 टक्के. तरतूद कागदावर असतेच. मागच्या वर्षी त्यातले खर्च किती झाले, तो आकडा मागा, चेहरे बघण्यासारखे होतात. लेखापरीक्षणातले प्रलंबित आक्षेप वेळ असेल तर वाचा.

सभेचा दिवस. वेळेवर जा, हजेरीवर सही करा. दुरुस्ती सुचवायची तर लेखी आणा, सूचक-अनुमोदक आधीच ठरवून. अमुक काम घ्या म्हणताना कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खर्चाच्या ओळीतून, कमी करायचं तेही सांगा, नाहीतर ‘पाहू’ म्हणून विषय संपतो. विषयपत्रिकेवर नसलेलं काही ऐनवेळचा विषय म्हणून पुढे सरकवलं तर हरकत घ्या आणि ती नोंदवायला लावा. विरोध असेल तर नाव इतिवृत्तात आलं पाहिजे, नुसतं ओरडून काही नोंदलं जात नाही. कायद्याबाहेरचा ठराव जिल्हाधिकारी महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली थांबवू शकतात, पण तिथे जायला कागद लागतो.

सभेनंतर ठरावाची प्रमाणित प्रत. इतिवृत्त कायम होताना नीट वाचा. मधल्या काळात पुनर्विनियोजनाचे, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवण्याचे, ठराव येतील, तुमच्या कामाचे पैसे तिथूनच हलतात, लक्ष ठेवा.

आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा अर्ज द्या: 31 मार्चअखेरचा बँकनिहाय शिल्लकेचा तक्ता, बँक ताळमेळ पत्रकासह, म्हणजे बँकेचा आणि नगरपरिषदेच्या वहीचा आकडा जुळवून दाखवणाऱ्या पत्रकासह. फेब्रुवारीत मंजूर केलेली आरंभीची शिल्लक अंदाजाची होती, खरी आता कळेल. दोन्हींत मोठा फरक निघाला तर निविदा निघायच्या आधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या.