म्हाताऱ्या ऑटोमॅटिकची नाडी

पहिला गिअरबॉक्स मीच मारला. चढावर गाड्यांची रांग थांबली की मी ब्रेक दाबायचे नाही. ॲक्सिलरेटर अलगद दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरायचे आणि मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटायचे. एका संध्याकाळी ‘डी’ (पुढे जायचा गिअर) टाकला, इंजिन ओरडलं आणि गाडी होती तिथेच राहिली. उघडून पाहिलं तर आतल्या क्लचच्या चकत्या कोळशासारख्या काळ्या झालेल्या, आणि तेलाला करपलेला वास.

आत्ताची गाडी सतरा वर्षांची आहे, चार गिअरची. मी ती १,६०,००० किलोमीटरला जुनी म्हणून घेतली, आता २,४०,००० झालेत, आणि गिअरबॉक्स अजून मूळचाच आहे. तो टिकवण्यासाठी मी जे करते ते इथे लिहितेय. एक गोष्ट आधी पाहून घ्या: हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकबद्दल आहे. एएमटी म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात आणि तेलही वेगळंच लागतं. आपल्या गाडीत काय आहे ते गाडीसोबतच्या माहितीपुस्तकात, म्हणजे मॅन्युअलमध्ये, बघा, मग पुढे वाचा.

माझ्या त्या चढावरच्या कसरतीत काय चुकत होतं? दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरचं काम असंच चालतं, फक्त हवेच्या जागी तेल. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. दोघांच्या वेगात जितका फरक, तितकं तेल घुसळून तापतं. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरली की इंजिनाकडचा पंखा फिरतोय आणि चाकांकडचा ठप्प. म्हणजे कन्व्हर्टरपर्यंत पोचलेली सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला हे तेल सुखात असतं. १२० च्या वर ते झपाट्याने म्हातारं होतं. मेकॅनिक मंडळींचा ढोबळ हिशेब असा, की दर दहा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. मग रबरी सील कडक होतात, दाब गळतो, क्लच घसरतो, आणि घसरणाऱ्या क्लचमुळे तेल आणखी तापतं. एकदा या फेऱ्यात सापडलं की सुटका नाही. म्हणून माझं बहुतेक लक्ष दोनच गोष्टींवर असतं: तेल आणि उष्णता.

डॅशबोर्डच्या कप्प्यात माझी एक वही आहे. दर तीन महिन्यांनी डिपस्टिकवरचा (तेलाची पातळी मोजायच्या पट्टीवरचा) एक थेंब तिच्या पानावर टेकवते आणि शेजारी तारीख, किलोमीटर लिहिते. नव्या तेलाचा डाग लालसर, पारदर्शक पसरतो. वापरलेलं तेल तपकिरी होत जातं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मधे काळा ठिपका राहून कडेला ओलसर वर्तुळ पसरलं, किंवा वास करपट आला, तर मात्र क्लचचं अस्तर झिजून तेलात येतंय. नुसत्या आठवणीवर रंग ठरवू नका. मागचा डाग शेजारी असला की फसगत होत नाही. आणि तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी तिथेच बंद करा. बहुतेक वेळा रेडिएटरच्या आतला गिअरबॉक्सचा कूलर फुटून कूलंट तेलात मिसळलेलं असतं, आणि पाणी लागलं की अस्तर चकतीवरून सुटायला लागतं.

पातळी बघायची रीतही नीट पाळावी लागते. बहुतेक गाड्यांमध्ये पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून गिअर एकदा सगळ्या स्थानांतून सावकाश फिरवायचा, ‘पी’वर (पार्कवर) आणायचा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत उलट: इंजिन बंद करून मिनिटाभरात बघायचं. थंड तेलाची पातळी खाली दिसते, म्हणून गार गाडीत बघून वर भर घालू नका. जास्त भरलेलं तेल फिरत्या भागांवर घुसळून फेसाळतं, आणि फेसाने दाब धरला जात नाही. कमी भरल्याचा परिणामही शेवटी तोच. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालंय म्हणजे कुठून तरी गळतंय. तळाच्या ट्रेचं गॅस्केट, कूलरचे पाइप, ॲक्सलचे सील, या क्रमाने मी बघते. डिपस्टिकच नसेल तर खालच्या प्लगमधून, तेल ठरावीक तापमानाला असताना पातळी बघावी लागते. ते लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्या.

आता तेल बदलण्याकडे. ‘कधीच न बदललेलं तेल आता बदललं तर गिअरबॉक्स जाईल’ असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. मलाही सांगितलं होतं. त्यात तथ्य एवढंच, की आधीच घसरत असलेल्या गिअरबॉक्समध्ये तेल बदललं आणि चार दिवसांनी तो बसला, तर दोष नव्या तेलाला जातो. झिजलेलं अस्तर नव्या तेलाने परत येत नाही. मी गाडी घेतली तेव्हा तेल बदलल्याची कुठलीच नोंद नव्हती. आधी आठवडाभर चालवून पाहिली. गिअर उशिरा पडत होते, पण घसरत नव्हते. मग थोडं थोडं बदलायचं ठरवलं. मशीन लावून दाबाने सगळं धुऊन काढणं जुन्या, दुर्लक्षित गिअरबॉक्सला मी करू देत नाही. तळाशी बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांमध्ये अडकायचा धोका कशाला घ्यायचा?

ड्रेन प्लग काढला की सगळं तेल बाहेर येत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं. माझ्या गाडीत एकूण आठ लिटर मावतं आणि साडेतीन निघतं. म्हणजे पहिल्या वेळेनंतर जुनं तेल ५६ टक्के, दुसऱ्यानंतर ३२, तिसऱ्यानंतर १८. मधे दीड-दीड हजार किलोमीटर गाडी चालवून मी तीन वेळा बदललं. आता दर ४०,००० किलोमीटरला एकदा. ‘सीलबंद, बदलायची गरज नाही’ असं लिहिलेल्या गाडीतही मॅन्युअलमध्ये कठोर वापराचा तक्ता आहे का ते शोधा. सततची वर्दळ, चढउतार, ओझं यासाठी तिथे बऱ्याचदा वेगळा आकडा दिलेला असतो.

हे काम स्वतः करणार असाल तर आधी तेल भरायची जागा उघडते का ते बघा, मगच ड्रेन प्लगला हात लावा. तेल काढून टाकलं आणि वरचा प्लग गंजून बसलाय असं कळलं, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. तेल कोमट हवं, उकळतं नको, हात भाजतो. निघालेलं तेल मापाच्या बाटल्यांमध्ये ओता. पातळी आधी बरोबर असेल तर जेवढं निघालं तेवढंच भरायचं, आणि मग वर सांगितल्याप्रमाणे तपासायचं. प्लगचा वॉशर नवा घाला आणि प्लग मॅन्युअलमध्ये दिला असेल तितकाच आवळा. ॲल्युमिनियमचे आटे जोर सहन करत नाहीत. ट्रे काढलात तर फिल्टरही पाहून घ्या, आणि आत पुसायला सुताचं फडकं वापरू नका. एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी पुरे. जुनं तेल डब्यात भरून पुनर्वापरासाठी द्या.

ट्रेमधल्या चुंबकावर काजळासारखा करडा, मऊ लेप असतो. तो असणारच. बोटाला टोचणारे कण किंवा चमकते तुकडे दिसले तर तेल बदलून भागणार नाही, आत कुठलातरी भाग तुटतोय.

तेल निवडताना रंग बघू नका, डब्यामागचं स्पेसिफिकेशन बघा. टोयोटाचं टाइप टी-फोर आणि डब्ल्यूएस ही दोन तेलं एकाच कंपनीची असूनही एक मागितलं असताना दुसरं चालत नाही. क्लचने किती घट्ट आणि किती अलगद धरावं हे तेलातल्या मिश्रणावर ठरतं. या एका गुणासाठी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत असत. बंदी आल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधताना घाम फुटला होता.

माझ्या गाडीला मधे एक थरथर लागली होती. साठच्या वेगाने, पाय हलका ठेवला की खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटायचं. एका मेकॅनिकने कन्व्हर्टर उतरवायलाच सांगितलं. त्याआधी मी रिकाम्या रस्त्यावर एक गोष्ट करून पाहिली: थरथर चालू असताना ब्रेकला नुसता स्पर्श केला. ब्रेकचा दिवा लागण्यापुरताच. कन्व्हर्टरमधले दोन्ही पंखे एकमेकांना जखडून ठेवणारा लॉक-अप क्लच ब्रेक लागला की सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली, म्हणजे दोष त्या क्लचचा. थांबली नसती तर इंजिनाच्या मिसफायरचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचा) संशय घेतला असता. योग्य तेल दोनदा बदलल्यावर ती गेली. दरवेळी इतकं स्वस्तात सुटेलच असं नाही, पण आधी तेल आणि मग खोलाखोली, हा क्रम सोडू नका.

एकदा दुसऱ्या गिअरला दणका बसायचा. गिअरबॉक्सला शिव्या देऊन झाल्या, शेवटी इंजिनाचं माउंटिंग तुटलेलं निघालं. अशक्त बॅटरी, गंजलेली अर्थिंगची वायर, बिघडलेला सेन्सर, हे सगळेही गिअरबॉक्सचं सोंग घेतात. गिअरबॉक्स उतरवायला देण्याआधी गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचून घ्या. पी ०७०० म्हणजे ‘ट्रान्समिशनमध्ये काहीतरी आहे, पुढे बघा’ एवढंच. पी ०७४१ लॉक-अपकडे बोट दाखवतो. पी ०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, म्हणजे कुठेतरी घसरण असू शकते.

चालवण्याच्या सवयी थोडक्यात सांगते. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ‘आर’वरून ‘डी’वर जायचं नाही. सकाळी अर्धा मिनिट इंजिन चालू ठेवून निघायचं आणि पहिले काही किलोमीटर पाय हलका ठेवायचा, कारण गिअरबॉक्स उभ्या गाडीत नाही, चालत्या गाडीत नीट तापतो. उतारावर न्यूट्रल नको, खालचा गिअर घ्या. चढावर गाडी तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करत राहिली तर ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करा. सिग्नलला ब्रेक दाबून ‘डी’त राहिलात तरी चालतं, दर वेळी ‘एन’, ‘डी’ करत बसलात तर क्लचला उगाच फेऱ्या पडतात. उतारावर पार्क करताना पायाचा ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, मग पाय सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यायची, आणि शेवटी ‘पी’. नाहीतर सगळं वजन बोटाएवढ्या एका खिट्टीवर येतं, आणि निघताना ‘खट्’ आवाज करत तीच तक्रार करते.

रेडिएटरच्या जाळीतली धूळ आणि किडे मी पाण्याच्या हलक्या धारेने काढते. गिअरबॉक्सचं तेल बऱ्याच गाड्यांत रेडिएटरमधूनच थंड होतं, हे लोक विसरतात. ओझं ओढत असाल तर वेगळा कूलर बसवून घ्या. ‘घसरण थांबवणाऱ्या’ बाटल्यांवर माझा विश्वास नाही. सील फुगवणारं रसायन काही महिने गळती थांबवू शकतं, पण गाडी विकणाऱ्याला त्याचा जास्त उपयोग.

‘डी’ टाकल्यावर गाडी पकडायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागू लागला, किंवा इंजिनाचे फेरे चढतायत आणि वेग तोच, असं झालं की वहीत तारीख लिहून लगेच दाखवायचं. एका गिअरमध्येच अडकून गाडी सावकाश चालत असेल तर ती स्वतःला वाचवतेय. जवळच्या गॅरेजपर्यंत तसंच हळू न्या, जोर करू नका. आणि ओढून न्यायची वेळ आली तर इंजिन ज्या चाकांना फिरवतं ती जमिनीवर टेकता कामा नयेत. तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद असताना आतले भाग कोरडे फिरतात. माझ्या गाडीत ती पुढची, म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर, टो करणाऱ्याला दाखवायला, मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: पुढची चाकं उचला.