बाळाच्या मानेवरची मऊ गाठ : घाईने होणाऱ्या या चुका टाळा

मानेवर किंवा काखेत मऊ, न दुखणारी गाठ दिसली की घरात आधी टीबीचं नाव निघतं, मग कॅन्सरचं. पण अशी गाठ लिम्फॅटिक मालफॉर्मेशनची असू शकते, आणि ते यांपैकी काहीच नाही. बाळ पोटात असतानाच लसिकावाहिन्यांची (लसिका हा पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांची) जोडणी चुकते आणि द्रव साचून पाण्याच्या पिशव्या तयार होतात. जुन्या फायलींत याला सिस्टिक हायग्रोमा म्हटलेलं आढळेल. खोलीत अंधार करून टॉर्च टेकवला, तर मोठ्या पिशव्यांची गाठ आतून लालसर उजळते. खात्री मात्र सोनोग्राफी आणि एमआरआयनेच करायची. शेक, लेप, मालिश यांनी ती बसत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे नुसतं पाणी काढून घेणं. माझ्याकडे आठ महिन्यांचं एक बाळ आलं होतं. मानेवर सुईचे तीन ठिपके, तीनदा पाणी काढलेलं, आणि गाठ होती तेवढीच. पिशवीचं अस्तर जागेवर असेल तर ती पुन्हा भरणारच. म्हणून पाणी काढून त्याच पिशवीत ब्लिओमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं औषध सोडतात. त्याने अस्तर चिकटतं, पिशवी आक्रसते. याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. औषध दिल्यावर गाठ काही दिवस आणखी सुजते, आणि नेमक्या त्याच वेळी लोक घाबरून डॉक्टर बदलतात. फरक चार ते सहा आठवड्यांनी पाहायचा असतो. बऱ्याचदा एका इंजेक्शनने भागतही नाही. ब्लिओमायसिन दिलं असेल तर अंगावरची चिकटपट्टी खसकन ओढू नका, तिथे काळपट पट्टे उमटून महिनोन्महिने राहू शकतात. प्रत्येक डोस फाइलमध्ये लिहून घ्या. या औषधाचा एकूण साठा फुप्फुसांना बाधतो, त्यामुळे पुढच्या डॉक्टरांना तो आकडा लागतोच.

'एकदाचं कापून टाका' हा हट्टही महागात पडतो. सुट्या, मोठ्या पिशव्या ऑपरेशनने छान निघतात. पण गाठ चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूभोवती पसरलेली असेल, तर सगळी काढण्याच्या नादात तोंड वाकडं होऊ शकतं आणि थोडी मागे राहिली तर ती परत वाढते.

जिभेवर किंवा कातडीवर साबुदाण्यासारखे बारीक फोड असतात, तो बारीक पिशव्यांचा प्रकार. हा चिवट असतो. तो पुरता जाईल असं आईबाबांना मी कधीच सांगत नाही. खाणं, बोलणं, श्वास नीट राहणं हे इथलं यश. यात सिरोलिमस बऱ्याच मुलांना उपयोगी पडतं. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या चमूने मिळवलेलं हे औषध. पण रक्तातली पातळी न तपासता ते देऊ नका, आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका. लसीच्या दिवशी आधी सांगा, कारण या काळात जिवंत लसी (दुबळे केलेले जिवंत जंतू असलेल्या) टाळाव्या लागतात.

मोठ्या पिशव्यांचं भवितव्य मात्र चांगलं. उपचारानंतर बहुतेकदा थोडी सैल कातडी तेवढी उरते.

सर्दीत गाठ रातोरात फुगली तर आत जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव झालेला असू शकतो. त्याच दिवशी दाखवा, पण ऑपरेशनची गडबड करू नका. संसर्ग असेल तर अँटिबायोटिकने सूज उतरते. बाळ श्वास घेताना घरघरत असेल, दूध गिळत नसेल किंवा ओठ निळे दिसत असतील, तर मात्र सकाळची वाट बघू नका. असाल तसे, आत्ताच्या आत्ता, मोठ्या हॉस्पिटलात न्या.