डायव्हिंगचे गुण घरबसल्या कसे काढायचे

उडी दीड-दोन सेकंदांत संपते, म्हणून पडद्यावरचा कोड आधीच वाचून ठेवा. उदाहरणार्थ ३०७ सी. पहिला आकडा गटाचा: १ पुढे, २ मागे, ३ रिव्हर्स, ४ इनवर्ड (पाठ पाण्याकडे, कोलांटी फळीकडे), ५ गिरकीची, ६ हातांवर उभं राहून. शेवटच्या आकड्यात अर्ध्या कोलांट्या मोजतात. ७ म्हणजे साडेतीन. (गिरकी असली की आकडे चार होतात; तिथे कोलांट्या तिसऱ्या आकड्यात, अर्ध्या गिरक्या चौथ्यात.) अक्षरांत ए सरळ, बी पाइक (कमरेत वाकून, गुडघे ताठ), सी टक (गुडघे छातीशी घेऊन).

रिव्हर्समध्ये तोंड पाण्याकडे, पण कोलांटी फळीच्या बाजूला. उडी नुसती वर गेली, पुढे सरकली नाही, की डोकं फळीला लागतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ग्रेग लुगॅनिसचं तेच झालं, प्राथमिक फेरीत ३०५ बी मारताना. टाके घालून तो परत आला आणि स्प्रिंगबोर्डचं (लवचिक फळीवरच्या उड्यांचं) सुवर्ण घेऊन गेला.

पाण्यात शिरताना हात बघा. एका हाताने दुसरा पकडून तळवा सपाट पाण्यावर आदळायचा. बोटं टोकदार जुळवली तर पाणी उडतं. कोलांटी कमी पडली किंवा जास्त झाली तर पाय उभ्या रेषेत राहत नाहीत, आणि मग तळवाही वाचवत नाही. विहिरीतल्या मुटक्याचं कौतुक इथे विसरा. तरी निव्वळ शिंतोड्यांवर गुण ठरवू नका. उंची आणि हवेतली ठेवणही पंच मोजतात.

आता हिशेब. सात पंचांपैकी वरचे दोन आणि खालचे दोन गुण काढा, उरलेल्या तिघांची बेरीज काठिण्याच्या गुणांकाने गुणा. ८, ८, ८.५, ८.५, ८.५, ९, ९.५ मिळाले तर २५.५, गुणांक ३.४ असेल तर ८६.७०.

सोलच्या १० मीटर प्लॅटफॉर्मच्या (न लवणाऱ्या उंच मनोऱ्याच्या) अंतिम फेरीत लुगॅनिसला शेवटच्या ३०७ सीला नेमके ८६.७० मिळाले. (तेव्हा पाच गुणांची बेरीज ०.६ ने गुणत, मोजपट्टी तीच.) त्याआधी तो चीनच्या चौदा वर्षांच्या श्योंग नीपेक्षा ३ गुणांनी मागे होता. श्योंगची शेवटची उडी ४०७ सी, गुणांक ३.२, गुण ८२.५६. दोन उड्यांची तुलना करताना गुणांकाने भागून बघायची सवय लावा: श्योंग २५.८, लुगॅनिस २५.५. म्हणजे पंचांच्या मते श्योंगची उडी जास्त नीट पडली होती. लुगॅनिसने ३.२ ची उडी निवडून तेवढीच नीट मारली असती तर ८१.६० मिळाले असते आणि सुवर्ण गेलं असतं. प्रत्यक्षात एकूण गुण लुगॅनिस ६३८.६१, श्योंग ६३७.४७.